पूजेत मांडलेला पान्हा

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी ९२, दुपारी ९१.

ही वही डॉक्टरांच्या हुकमावरून. तुकोगंजातले ते छातीचे डॉक्टर म्हणाले, रोज दोनदा आकडा लिहून ठेवा. आकडा म्हणजे बायकोच्या, सुलोच्या, बोटाला चिमटा लावला की दिसतो तो, रक्तात प्राणवायू किती आहे त्याचा. सूनबाईंनी, अनुश्रीने, तीनशे पानी वही आणून दिली. दोन आकड्यांना तीनशे पानं! उरलेल्या जागेत मी माझं लिहिणार. घरात मनातलं बोलायची सोय नाही. बोललो की म्हणतात, ओरडू नका.

जुलैत कळलं की सुलोची फुफ्फुसं आखडत चालली आहेत. डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असतात तर बरंच काही करता आलं असतं. तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे ते फिरलेलंच. वर्षभर ही बाई जिने चढली-उतरली, धाप लागत असणार, आणि तोंडातून शब्द नाही. बोलायला झालं काय होतं हिला? शेजारणींशी तर दोन-दोन तास बोलते.

आता ऑक्सिजनचं मशीन दिवसाचे सोळा तास चालतं. लाइट गेली तर बंद पडायला नको, म्हणून पॅसेजमध्ये यूपीएस आणि एक मोठी बॅटरी. लोक त्याला इन्व्हर्टर म्हणतात. म्हणोत. दोन्ही शामच्या दुकानातून घेतलं. शाम माझा आयटीआयचा विद्यार्थी, राजवाड्याजवळ बॅटऱ्या विकतो. मी पंचवीस वर्षं मिलमध्ये इलेक्ट्रिकल फोरमन होतो, आणि मिल बंद पडल्यावर पंधरा वर्षं पोरांना बिघाड शोधायला शिकवलं. "मीटर आधी, तोंड नंतर" हे माझं वाक्य बडा गणपतीपासून सगळ्या इंदूरच्या वायरमनांना पाठ आहे.

दर खंडेनवमीला माझ्या हत्यारांची पूजा सुलो करते. मी चाळीस वर्षं नुसती थट्टा केली. यंदा ती नळी लावून खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही करा. मी सांगते." केली. पाटावर पान्हे, पक्कड, टेस्टर, मीटर, सगळं ओळीने मांडलं. मग बॅटरीकडे वळलो. करायचं तर नीट करायचं. मशीन बंद पडू न देणारी वस्तू आहे ती. दोन्ही वायरींची टोकं काढली. शिशाच्या खुंटांवर शामने कसलासा चिकट लेप फासला होता, घाणेरडा दिसत होता, तो पुसून काढला. ओल्या फडक्याने बॅटरी पुसली. खुंटांना गंध, हळद, वर ओलं कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आरतीच्या ताटातल्या निरांजनाइतकी चकचकीत दिसत होती.

मग सुलो म्हणाली, "आता जोडा बरं, लाइट गेली तर?" तर पान्हा पूजेत. मी हात पुढे केला तशी म्हणाली, "पूजेतलं हत्यार आज उचलायचं नाही. उद्या." एरवी मी वाद घातला असता. आज तिच्या नाकातली नळी बघून घातला नाही. टोकं बसवली आणि नट बोटांनी आवळले. उद्या पान्ह्याने आवळीन.

तिने बॅटरीला हात जोडले आणि पुटपुटली, "यांना सांभाळ." मशीन तिचं, धाप तिची, आणि सांभाळायचं मला? आजारात माणसाचं काही काही सुटतं.

अनुश्री मोबाइलवर फोटो काढत होती. या पोरीला कशाचाही फोटो लागतो.

२ ऑक्टोबर, दसरा

९१, ९१. सोनं द्यायला दिवसभर माणसं. प्रत्येक जण सुलोला विचारतो, "कसं वाटतंय?" आणि उत्तर ऐकायच्या आत पोहे खायला लागतो. संध्याकाळी हत्यारं उचलून पेटीत भरली. कंटाळलो.

७ ऑक्टोबर

सकाळी ९१. त्यानंतरचा आकडा लिहायला हात होत नाही, पण लिहितो. ८४.

अकराला लाइट गेली. मी आंघोळीला होतो. यूपीएस बोंबलायला लागला, "लो बॅटरी"चा दिवा पेटला आणि बाराव्या मिनिटाला सगळं गार. ऑगस्टमध्ये याच बॅटरीवर मशीन दोन तास चाललं होतं! मी टॉवेलवर बाहेर आलो तर सुलो खुर्चीचे हात धरून बसलेली, ओठ निळसर. अनुश्रीने कोपऱ्यातला छोटा सिलिंडर उघडून नळी लावली होती. वीस मिनिटांनी लाइट आली.

तळपायाची आग मस्तकात गेली. शामला फोन लावला आणि जे तोंडात आलं ते बोललो. तीन महिन्यांत बॅटरी बसते? आपल्या गुरूला कोणी जुना माल विकतं? तो म्हणाला, "सर, कल सुबह येतो. काकू ठीक आहेत ना?" काकूंची चौकशी करतो. आधी माल बघून द्यायचा होता.

८ ऑक्टोबर

९०, ९१.

शाम आला. मीटर लावला. बॅटरी १२.७ व्होल्ट. मग मी माझा मीटर लावला. १२.७. बॅटरी भरलेली.

"सर, व्होल्टेज तर बराबर दाखवतोय," शाम म्हणाला. "पण मतलब लोड टाकून पाहावं लागेल. मी जरा टर्मिनल खोलून पाहतो."

"टर्मिनल मी स्वतः धुऊनपुसून आरशासारखे केलेत. तू फासलेला तो चिकट लेप काढायलाच अर्धा तास गेला."

"लेप काढला?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "सर, तो लेप म्हणजे..."

"मला शिकवतोस?"

त्याने मीटर पिशवीत टाकला. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. माझं म्हणणं स्पष्ट आहे, बॅटरी ठीक, म्हणजे यूपीएसचं कार्ड खराब. ते कंपनीने बदलून द्यायचं. तोवर कोणी कशाला हात लावायचा नाही, नाहीतर कंपनी म्हणणार तुम्हीच बिघडवलंत.

तो गेल्यावर अनुश्री दारात उभी. "बाबा, मी काय म्हणते, त्या दिवशी पूजेत तुम्ही..."

"पूजेचं नाव काढू नकोस," मी म्हटलं. "तुझा मिक्सर, तुझा लॅपटॉप, तुझं ते वायफाय, सगळं या यूपीएसवर लटकलेलं असतं. ते आधी काढ." तिने काढलं. स्वयंपाकघरात जाऊन फोन घेऊन बसली. जरा बोललं की यांचं तोंड फुगतं.

११ ऑक्टोबर

९१, ९०.

आज पद्धतशीर तपासणी केली. सुलोचं मशीन सरळ घरच्या लाइटवर ठेवलं आणि यूपीएसवर मिलमधले जुने दोनशेचे दोन बल्ब लावले. मेन बंद केला. पाच मिनिटांनी माझा मीटर बॅटरीच्या खुंटांवर, १२.१. यूपीएसच्या आकड्याच्या पाटीवर, १०.३. पुन्हा मोजलं. तेच. म्हणजे बॅटरी देते बारा आणि यूपीएस म्हणतो मला दहाच मिळाले. चोर कोण ते आणखी कोणत्या भाषेत सांगायचं? यूपीएसची पाटी खोटी बोलते.

वायरीला हात लावला तर नटाजवळ चांगलीच गरम. म्हणजे शामने वायरीही हलक्या घातल्या. माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा!

सुलो बघत होती. म्हणाली, "तुम्ही पोरांना... शिकवायचात ना. टाकी भरलेली... आणि नळाला पाणी नाही... तर मधल्या पाइपात..."

"तू बोलू नकोस," मी म्हटलं. "तुला धाप लागते."

ती गप्प झाली. बरंच झालं, बोलण्याने आकडा खाली येतो.

१२ ऑक्टोबर

९१, ९१. कंपनीला पत्र टाकलं. तीन पानं. खाली सही, श्रीकृष्ण टोकेकर, निवृत्त इलेक्ट्रिकल फोरमन. बॅटरीच्या दोन्ही खुंटांवर कागद गुंडाळून चिकटपट्टी लावली आणि त्यावर सही-तारीख टाकली. आता कोणी हात लावून दाखवावा. मिलमध्ये मी सील केलेलं पॅनल मॅनेजरसुद्धा उघडायचा नाही.

पुष्कर, म्हणजे आमचे चिरंजीव, पीथमपूरहून कामावरून रात्री आठला आला आणि सील बघून म्हणाला, "बाबा, हे जरा ज्यादा होतंय." जेवायच्या आधी मी त्याला त्याची जागा दाखवली. तो न जेवता झोपला. घरात एक माणूस धड नाही.

१४ ऑक्टोबर

९०, ८९.

शाम न बोलावता आला. स्कूटरवर नवी बॅटरी बांधून. "सर, ही ठेवून घ्या. पैसे-वैसे काही नको. काकूंसाठी. तुमची चिठ्ठी-विठ्ठी होत राहील."

"म्हणजे चूक कबूल?"

"चूक कोणाची ते राहू द्या ना सर. लावून तर घेऊ. दहा मिनिटांचं काम आहे."

चूक कोणाची ते राहू द्या! मग मी पत्र कशाला लिहिलं? मी जिन्यात उभा राहून सांगितलं, तुझ्यासारख्याला पास केलं ही माझ्या नोकरीतली मोठी चूक. वरचे-खालचे सगळे ऐकत होते. तो बॅटरी परत स्कूटरवर बांधायला लागला. चाळीस किलोचं धूड, एकट्याने. दोरी दोनदा सुटली. मी वर आलो.

सुलोने दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. टाको. आकडा तरी वर राहील.

१७ ऑक्टोबर

जसं झालं तसं लिहितो.

दिवाळीआधीच्या दुरुस्तीसाठी दहा ते दोन लाइट जाणार असल्याचा मेसेज काल आला होता. मला काळजी नव्हती, सिलिंडर होता. तो सात तारखेला अर्धा संपला होता आणि भरून आणायचं काम माझ्याकडे होतं. दहा दिवस मी पत्रं लिहीत होतो.

दहा वाजता लाइट गेली. यूपीएस नऊ मिनिटं चालला. सिलिंडर पंचवीस. मग काटा खाली टेकला. सुलोचा आकडा ८६, ८३, ८०.

मी कंपनीला फोन लावला. तिकडचा मुलगा म्हणाला, आपकी शिकायत दर्ज है. मी ओरडायला लागलो. पाच दिवस दर्जच आहे का, माणूस मेल्यावर पाठवणार का, तुझं नाव सांग. सुलो माझ्यापासून दोन हातांवर बसली होती. ७८. मी ओरडतच होतो. अनुश्रीने माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"बाबा, फोन मला लागतोय," म्हणाली. आणि नंबर न शोधता शामला लावला.

तो आठ मिनिटांत आला. राजवाड्याच्या गर्दीतून कसा आला कोण जाणे. मला म्हणाला, "सर, बाजूला व्हा." मी झालो. त्याने माझी सही असलेली चिकटपट्टी नखाने फाडली. पान्हा काढलाच नाही. नटाला दोन बोटं लावली आणि नट फिरला. दोन बोटांनी.

टोक वर उचललं. खाली शिशावर लाल, पांढरी आणि हिरवट खपली धरलेली होती. एक तांदूळ चिकटलेला होता.

त्याने पिशवीतून सुरी आणि फडकं काढलं. सुरीने खपली खरवडली, फडक्याने पुसली, वायरीचं टोक घासून चकचकीत केलं, परत बसवलं, पान्ह्याने आवळलं. दुसऱ्या बाजूचंही तसंच. वर तो चिकट लेप फासला. हवा-पाणी आत जाऊ नये म्हणून असतो तो. मला माहीत आहे. पंधरा वर्षं शिकवलं आहे. मशीन सुरू झालं. यूपीएसची पाटी, १२.१. ती पाटी पहिल्यापासून खरं बोलत होती.

८२. ८५. ८८. पाऊण तासाने ९०.

शामने कुंकवाचं फडकं घडी करून स्वतःच्या खिशात घातलं. "सर, कनेक्शन ढीलं झालं होतं. मतलब गाड्या-वाड्या जातात खालून, हादरतं. होतं असं." माझ्याकडे न बघता बोलत होता. मी चहा घे म्हणायच्या आत जिना उतरला.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

९०, ९१.

नट मी आवळला नाही. पान्हा पूजेत होता, उद्या आवळीन म्हटलं आणि विसरलो. ओल्या कुंकवावर टोक दाबून बसवलं. बारा आणि दहा यांच्या मधला पावणेदोन व्होल्ट त्या खपलीत जळत होता, म्हणून वायर गरम. आयटीआयचं पहिल्या वर्षाचं पोरगं सांगेल.

राग कोणावर काढू ते कळेना, म्हणून अनुश्रीवर काढला. "तुला माहीत होतं?" तिने मोबाइल पुढे केला. खंडेनवमीचा फोटो. पाटावर पान्हा, त्याला फूल वाहिलेलं, आणि मागे मी, बोटांनी नट फिरवताना, हसताना.

"आठ तारखेलाच शामदादांना पाठवला होता," ती म्हणाली.

म्हणजे शामला माहीत होतं. चौदाला बॅटरी घेऊन आला, शिव्या खाऊन गेला, तेव्हाही माहीत होतं. नवी बॅटरी लावायच्या निमित्ताने टर्मिनल साफ करून जाणार होता, मला न सांगता. पुष्करलाही माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं.

"मग बोललात का नाही?" मी ओरडलो. "दहा दिवस! जिवाशी खेळ चालला होता आणि घरात एकाला तोंड उघडता येत नाही? बोलायला काय झालं होतं?"

अनुश्री रडायला लागली. सुलोने हात वर केला. मी थांबलो.

"तुम्ही मला... जुलैतही हेच विचारलंत," ती म्हणाली. "बोलायला काय झालं होतं."

"मग? काय झालं होतं?"

"हेच," म्हणाली, आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

मी गच्चीवर गेलो. तासभर उभा होतो. खाली लोक धणे-गूळ, झाडू आणि पणत्या घेऊन जात होते. सगळ्यांवर राग आला.

१९ ऑक्टोबर

९०, ९०. शामच्या दुकानात गेलो. धंद्याचे दिवस, गिऱ्हाइकांची रीघ. वाक्य तयार करून गेलो होतो. त्याने मला बघून स्टूल पुसलं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "नट मी आवळला नव्हता. चूक माझी." जिन्यात जेवढ्या मोठ्याने बोललो होतो तेवढ्याच मोठ्याने.

तो म्हणाला, "जाऊ द्या सर." मग म्हणाला, "सर, तुम्ही वर्गात 'कोणाला काही विचारायचंय का' म्हणायचात. कोणी कधी हात वर केला आठवतं?"

आठवत नाही. मला वाटायचं, मी फार चांगलं शिकवतो.

सिलिंडर भरून आणला.

२० ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

सकाळी ९१.

पूजेला वेळ होता. मी खुर्ची ओढून सुलोसमोर बसलो आणि ही वही उघडली. म्हटलं, धाप कधीपासून लागते, पहिल्यापासून सांग. मी लिहून घेतो. ती म्हणाली, "आता काय उपयोग?" मी म्हटलं, "बिघाडाची नोंद पहिल्या दिवसापासून लागते." ती हसली. मग सांगायला लागली. मी लिहिलं ते असं.

मागची दिवाळी. गच्चीवर पणत्या लावायला निघाली, जिन्यात दोनदा थांबावं लागलं. मी खालून ओरडलो होतो, तेल सांडेल, पाय उचल.

संक्रांत. वाण घेऊन निघाली, पहिल्याच घराच्या पायऱ्यांवरून परत आली. मला सांगितलं, घरी कोणी नव्हतं.

होळीनंतर कधीतरी. झोपताना दोन उशा लागायला लागल्या. मला सांगितलं, मान दुखते. मी म्हणालो होतो, दिवसभर मोबाइल बघतेस म्हणून.

एप्रिल. खोकला. मी म्हणालो, शेजारच्यांच्या बांधकामाची धूळ, आणि त्यांच्याशी जाऊन भांडून आलो. ते आठवडाभर चाललं. मग तिने खोकणं मोरीत जाऊन करायला सुरुवात केली.

जून. सांगायचं ठरवून बाहेरच्या खोलीत आली होती. दारापर्यंत. त्या दिवशी मी टेलिफोन कंपनीशी भांडत होतो. ती परत गेली. "म्हटलं, उद्या सांगू."

एवढं सांगायला तिला पाऊण तास लागला. मध्ये दम घ्यायला थांबायची तेव्हा दोनदा माझ्या तोंडाशी आलं की मला काय स्वप्न पडणार होतं का. आलं ते गिळलं. पूर्ण पाऊण तासात मी एकच शब्द बोललो, "पुढे."

संध्याकाळी ९१.